नाव मागाहून कळवू

३ मार्च, सोमवार, दुपार

धाकट्या,

आशीर्वादाने सुरुवात करावी की नाही, या विचारात अर्धा कप चहा गार झाला. सहा महिन्यांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही तुला लिहिली नाही. आशीर्वाद द्यायला तोंड नाही आणि न देता पुढे लिहवत नाही. तेव्हा ते इथे कागदाच्या कडेला ठेवते, वाटलं तर घे.

हे पत्र आज टपालात पडणार नाही. सकाळी तुमच्या क्लबकडून यादी आली. तुला आठवत असेल, सप्टेंबरात तुला तिकडे देताना मी मॅनेजर म्हणून करारावर तुझ्या बदल्यात कुणाचंच नाव घातलं नव्हतं. ‘नाव मागाहून कळवू’ एवढं लिहून सही केली होती. लीगच्या नियमात तशी सोय आहे. खेळाडू घेणाऱ्या क्लबने सहा महिन्यांनी आपल्याकडच्या पाच जणांची यादी द्यायची आणि खेळाडू देणाऱ्याने त्यातला एक उचलायचा, अठरा मार्चला दुपारी बाराच्या आत. तोवर यादीतल्या कुणाशी मी बोलायचं नाही, लिहायचं नाही, आणि त्यानेही माझ्याशी नाही.

यादीत पाच नावं आहेत. पाचवं तुझं आहे.

मी कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. मग टेबलावर डोकं टेकलं आणि तसाच डोळा लागला. माझ्या खिडकीतून मैदान दिसतं ते तुला ठाऊक आहे. या दिवसांत दुपारी त्यावर पांढुरकं ऊन पसरतं आणि पलीकडचा गोलपोस्ट आहे की नाही तेच कळत नाही. स्वप्नात ते पाचही जण त्या उन्हात रांगेने उभे होते. पहिल्याने जर्सी काढली तर आत तू, सहा वर्षांचा, पुढचे दात पडलेला. दुसऱ्याच्या आतही तूच, तिसऱ्याच्याही. पाचव्याने काही जर्सी काढली नाही. “आधी नाव सांगा,” म्हणाला.

तुला दिल्याची नोटीस फळ्यावर लागली त्या दिवशी मी लीगच्या बैठकीला गेले होते, हे तुला तेव्हा कुणीतरी सांगितलं असेलच.

ताई

८ मार्च, शनिवार

धाकट्या,

सकाळपासून धुकं आहे. माळीकाका त्यातच गवत कापायचं यंत्र फिरवत होते. ते दिसत नव्हते, यंत्राचा आवाज तेवढा कधी इकडून तर कधी तिकडून येत होता. मग ते हात पुसत ऑफिसात आले आणि यंत्राला तेल मागता मागता गप्पांना बसले. वर्तमानपत्रवाल्यांनी आपल्या अदलाबदलीला ‘हवेच्या बदल्यात गोलकीपर’ म्हटलं होतं, तो मथळा त्यांना अजून बोचतो.

“ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “या क्लबने मागे काय काय केलंय! हे यंत्र कसं आलं माहितीये?”

मला माहीत नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपण एक चांगला विंगर दिला आणि त्याच्या बदल्यात हे यंत्र घेतलं म्हणे. लोकांनी क्लबच्या दारात येऊन शिमगा केला. विंगर दोन मोसमांत गुडघा धरून घरी बसला. यंत्र अजून चालतंय.

“आता सांगा, कोण फसलं?” काकांनी विचारलं, आणि यंत्राचा मालक असल्यासारखी मान डोलावली.

त्यांनी दुसरी गोष्टही सांगितली आणि ती काही माझ्या डोक्यातून जात नाही. एका क्लबने आपला बचावपटू बारा चेंडू आणि एका जाळीच्या बदल्यात देऊन टाकला. नदीकाठचं मैदान, त्यातले नऊ चेंडू वर्षभरात वाहून गेले. तो बचावपटू नव्या क्लबात मोठा झाला, कप जिंकला. पण त्याचं नाव पडलं ते पडलंच, ‘बारा चेंडू’. निवृत्तीच्या सामन्यात लोकांनी प्रेमाने मैदानात बारा चेंडू फेकले. तो एकेक गोळा करून पोत्यात भरत राहिला आणि बारावा मिळेपर्यंत शोधत राहिला. मी हसले. मग बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

लीगमध्ये कुणी स्वतःच्याच बदल्यात परत आल्याचं ऐकिवात नाही. तू आलास तर पहिलाच.

गेल्या महिन्यात तू एका सामन्यात चार गोल खाल्लेस, मग दोन सामने बाहेर बसलास. मला हे कसं माहीत? आत्या. आपल्या खालच्या मजल्यावरून ती तुझे सामने रेडिओवर लावते आणि आवाज इतका मोठा करते की भिंतीला हादरे बसावेत. माझ्याशी बोलत नाही, पण चौथ्या गोलाला जिन्यात येऊन म्हणाली, “ऐकलंस? झालं समाधान?” चार गोलांनी माणूस कुणाला नकोसा होतो का रे? तुमच्या चष्मेवाल्या मॅनेजरांनी तुला यादीत टाकलं, याचा मला आधी राग आला. मग आठवलं की मी तर तुला एकाही गोलाविना टाकलं होतं.

ताई

१३ मार्च, गुरुवार, संध्याकाळ

धाकट्या,

आमचे अकरा सामन्यांत सात गोल झालेत. अध्यक्ष रोज दारातून डोकावतात. “या वेळी तरी हाडामांसाचा माणूस आणा, ताई,” एवढंच म्हणतात आणि जातात. यादीत तुमचा तो उंच स्ट्रायकर आहे, लंबू. तो आम्हाला अगदी हवा तसा आहे. हे मला कळतं. खुर्चीत बसलेल्या बाईला कळतं, घरी जाऊन दोन माणसांचा चहा टाकणाऱ्या बाईला कळत नाही. अजून दोन कपच टाकते. दुसरा सिंकमध्ये ओतते.

तुला उडी शिकवणाऱ्या आपल्या मास्तरांना आज यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर ढकलून ती पुन्हा पुन्हा वाचली.

“धाकट्याचं नाव घालणार?”

“तुम्ही काय कराल?”

“मी मॅनेजर नाही,” ते म्हणाले. मग यादी परत करत, “लोक एकदा हसले ना, की आघाडीवाला ते हसणं मागे टाकून पळतो. गोलकीपर कुठे पळणार? त्याला तिथंच उभं राहायचं असतं. पाठीमागे लोक. नव्वद मिनिटं तेच ऐकत.”

“म्हणजे नको?”

“म्हणजे मला तो हवाय,” मास्तर म्हणाले, “म्हणूनच मला विचारू नका.”

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी पंधरा. तू रडायला लागलास की मी मोज्यांच्या गुंडाळ्या करून तुझ्याकडे फेकायची. कपाट आणि दार यांच्यामधला तो गोल. झेलताना तू रडायचं विसरायचास. इतकं विसरायचास की जेवायलाही यायचा नाहीस. मला वाटतं, तुला गोलकीपर मीच केलं, आणि तेही तुला गप्प बसवायला. आता तू गप्प बसलास तर मी कोणत्या तोंडाने तक्रार करू?

आणि एक. त्या दिवशी लीगची बैठक नव्हती. बैठक दोन दिवसांनी होती.

ताई

१७ मार्च, सोमवार, दुपार

धाकट्या,

उद्या नाव द्यायचं आहे. आज दिवसभर मैदान रिकामं आहे. सरावाला सुट्टी. रेषा नव्याने मारायच्या म्हणून काकांनी जुन्या पुसल्यात, आणि रेषांशिवाय मैदान नुसतं हिरवं दिसतं. कुठून कुठवर खेळायचं ते कळू नये असं. पाहता पाहता पेंग येते. आज सगळं लिहून टाकते, कारण उद्या काही झालं तरी मला आजच्याइतकं धैर्य नसेल.

नोटीस लावली तेव्हा मी बुटांच्या खोलीत होते. दार आतून लावून. त्या दाराला खाली झडपा आहेत, त्यांतून कॉरिडॉर दिसतो, पण गुडघ्याएवढाच. तू सव्वानऊला आलास. सगळ्यांच्या आधी, नेहमीसारखा. फळ्यापाशी थांबलास. मला तुझे पाय दिसत होते. ते किती वेळ हलले नाहीत, मोजलं नाही. मग तू वाकलास. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मला वाटलं, आता तुला मी दिसणार. मी श्वास रोखून बसले, तुझी मोठी बहीण, क्लबची मॅनेजर, चिखलाच्या बुटांत उकिडवी. तू नाडी बांधलीस आणि मैदानावर गेलास. दीड तास सराव केलास. ज्यांनी तुला देऊन टाकलं त्यांच्या गोलात तू दीड तास उड्या मारल्यास.

तोंडावर सांगायला हवं होतं. ती चूक माझी आहे. तिला बैठकीचं पांघरूण घातलं, ती दुसरी.

आता का दिलं ते. तू समजत असशील की तू कमी पडलास. ऑगस्टमधला सामना आठव. तू त्यांच्या आघाडीवाल्याच्या पायात सूर मारलास आणि त्याचा बूट तुझ्या कानशिलाला लागला. उठलास, हसलास, सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मी ते पाहिलं नाही. मी डोळे मिटले होते. चेंडू आपल्या गोलाकडे वळला की माझे डोळे मिटायचे, आपोआप. वाचलो की नाही ते लोकांच्या आवाजावरून कळायचं. त्या अख्ख्या मोसमात मी तुझा एकही बचाव पाहिलेला नाही. तुझ्यापुढे एक जास्तीचा बचावपटू उभा करत गेले आणि त्या पायी तीन सामने घालवले. मास्तरांना वाटलं डावपेच आहेत.

मॅनेजरला आपलाच गोल बघवत नसेल तर तिने एकतर खुर्ची सोडावी, नाहीतर गोलकीपर. मला खुर्ची सोडवली नाही. एवढं एक वाक्य लिहायला सहा महिने लागले.

आणि नाव का नाही घातलं? चष्मेवाले आणि मी कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसलो होतो. त्यांनी चोवीस नावांचा कागद पुढे सरकवला. “बोला ताई, कोण हवा?” मी दोनदा वाचला. हा? ह्याच्यासाठी धाकट्या? हा दुसरा? त्यात मोठमोठे खेळाडू होते. पण एकही तुझ्या तोलाचा वाटेना. चष्मेवाल्यांना वाटलं मी मुरलेली आहे, भाव वाढवतेय. ते दुसरा चहा सांगायला गेले, तेवढ्यात मी लिहिलं, ‘नाव मागाहून कळवू’. लोक म्हणाले, बाईने फुकट दिला. फुकट नव्हता रे. मला बदल्यात घेण्यासारखं काही दिसलंच नाही.

ताई

१८ मार्च, मंगळवार

धाकट्या,

दिलं नाव. बाराला वीस मिनिटं असताना फोन लावून लीगच्या कारकुनाला वाचून दाखवलं. लंबू.

सकाळी तुझं नाव पेन्सिलीने लिहिलं होतं. छान दिसत होतं. मग पाठीमागे लोक आणि नव्वद मिनिटं, ते आठवलं. पुढची दहा वर्षं तू कुठल्याही मैदानात उतरलास तरी कुणीतरी ओरडेल, ‘स्वतःच्या बदल्यातला आला!’ तुला तिकडे ठेवलं तर फार तर नवा करार मिळेल, नाहीतर दुसरा क्लब. हसू तरी नाही मिळणार. मी नाव खोडलं.

आणि खरं सांगायचं तर दुसरंही होतं. तू आलास की तू पुन्हा त्या गोलात आणि मी पुन्हा बाकावर. मला त्याची भीती वाटली. दोन कारणांपैकी जास्त वजनदार कोणतं, ते मी तोलून पाहिलं नाही.

फोन ठेवल्यावर अगदी हलकं वाटलं. खुर्चीतच झोपले. स्वप्नात आपलं स्वयंपाकघर होतं, त्यात गोलपोस्ट, आणि जाळीत वाळत घातलेले तुझे सगळे हातमोजे, लहानपणापासूनचे. वाऱ्याने ते हलत होते. जागी झाले तर अध्यक्ष समोर उभे राहून हसत होते. “आणलात ना माणूस!” म्हणाले.

आता लिहायला बंदी नाही. तरी ही पत्रं खणातच आहेत. नाव दुसऱ्याचं देऊन तुला काय पाठवू?

ताई

२७ मार्च, गुरुवार

धाकट्या,

लंबू काल आला. दारात वाकून आत आला, बॅग ठेवली, चहा घेतला. एक घोट घेतल्यावर त्याच्या तोंडावर हसू आलं ते त्याला आवरेना.

“काय झालं?”

“काही नाही ताई. मला आधीच सांगितलं होतं कुणीतरी, चहा कसा असतो ते.”

कुणी, ते मी विचारलं नाही. तो कप फिरवत बसला. मग म्हणाला, “एक विचारू? राग नाही ना येणार? तुम्ही त्याला का नाही घेतलं?”

मी म्हटलं, तुमच्या मॅनेजरांनी त्याला यादीत टाकलं, त्यावर आणखी लोकांच्या हसण्याचं ओझं कशाला.

लंबूने कप खाली ठेवला. “मॅनेजरांनी? ते तर त्याच्याशी भांडले. तुला सोडायला मला वेड लागलंय का, म्हणाले. त्याने स्वतः अर्ज करून नाव घातलं, ताई.”

धाकट्या, नियम मला पाठ आहेत. कलम नऊ: खेळाडू स्वतःच्या विनंतीवरून यादीत येऊ शकतो. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवेन. सोळा दिवस यादी माझ्यासमोर होती आणि ते कलम एकदाही मनात आलं नाही. मी अंगाबाहेर टाकलेलं पोर स्वतःहून माझ्याकडे यायचं म्हणेल, हे माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

मग तो सांगत गेला. मी त्याला थांबवलं नाही. अठरा तारखेला तू लॉकर रिकामा केला होतास. दहा वाजल्यापासून बॅग घेऊन चष्मेवाल्यांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलास. कुणी विचारलं तर म्हणालास, “ताईचा फोन यायचाय.” बाराच्या सुमाराला आतून चष्मेवाल्यांनी हाक मारली ती लंबूला. तू उठलास, त्याच्याशी हात मिळवलास, आणि त्याला माझ्या चहाबद्दल सांगितलंस.

“अजून एक सांगितलं,” लंबू म्हणाला. “म्हणाला, चेंडू आपल्या गोलाकडे आला की ती डोळे मिटते. तेव्हा बाकाकडे बघू नकोस. तिला वाटतं कुणाला माहीत नाही.”

म्हणजे तुला माहीत होतं. अख्खा मोसम. कानशिलावर बूट खाऊन उठताना तू आधी बाकाकडे बघितलं असशील, आणि मी तिथे डोळे मिटून बसलेली.

मी लंबूला घर दाखवायला मास्तरांबरोबर पाठवलं आणि दार लावून रडले. मोठ्याने. काकांनी बाहेर यंत्र चालू केलं. धुकं नव्हतं, गवत आदल्याच दिवशी कापलेलं होतं.

ताई

३० मार्च, रविवार, दुपारचे तीन

धाकट्या,

हे सातवं. आधीची सहा सोबत बांधली आहेत, तारखांप्रमाणे वाच. पहिल्यात एक खोटं आहे, तिसऱ्यात ते निस्तरायला घेतलंय.

मी तुमच्या मैदानाच्या मागच्या फाटकापाशी बसले आहे. सकाळची बस घेतली. वाटेत झोप आणि जाग यांच्या मधेच कुठेतरी होते. खिडकीतून शेतं, भिंती, पुन्हा शेतं, आणि दर थोड्या वेळाने कुठलं तरी रिकामं मैदान, दोन पोस्ट, मधे कुणी नाही. तुमच्या गावात किती मैदानं आहेत रे! की मी एकच पुन्हा पुन्हा पाहिलं?

फाटकावरचा रखवालदार आधी आत सोडेना.

“पत्रकार का तुम्ही?”

“नाही. गोलकीपरची बहीण.”

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “त्याची बहीण मॅनेजर आहे म्हणे. फार कडक.”

“कोण म्हणतं?”

“तोच. रोज तिचंच सांगतो.”

मग त्याने मला स्वतःची खुर्ची दिली. भिंतीआड तुमचा सराव चाललाय. मला इथून जाळीचा वरचा काठ तेवढा दिसतो. चेंडू आपटल्याचा आवाज येतो आणि मग काही क्षण काहीच येत नाही. त्या काही क्षणांत तू हवेत असतोस, हे मला इथे बसून कळलं.

आज आमचा सामना आहे, लंबूचा पहिला. आत्ता मध्यांतर झालं असेल. बाकावर माझ्या जागी मास्तर आहेत. अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सामना टाकून गेलात तर परत आल्यावर खुर्ची असेलच असं नाही. मी म्हटलं, नसू दे. दारातून एकदा खुर्चीकडे वळून पाहिलं, पण बस चुकली नाही.

मी तुला परत न्यायला आलेली नाही. तू इथे शोभतोस, रखवालदारसुद्धा तसंच म्हणतो. करार, यादी, कलम यातलं काही आता माझ्या हातात नाही. बदल्यात द्यायलाही काही आणलेलं नाही. त्या बाकावर तू दोन तास बसलास आणि मी दुसऱ्याचं नाव घेतलं. त्याची माफी तोंडावर मागायची आहे, झडपांमागून नाही.

हे पुडकं रखवालदाराच्या हाती देते. वाचायला वेळ लागेल, लागू दे. उत्तर लिहू नकोस. बाहेर ये, नाहीतर मी आत येते.

तुझी ताई